पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं भोक

गेल्या महिन्यात डॉक्टरने मला तपासलं आणि म्हणाला, "आजी, अंग वाढलंय. रोज सकाळी चालायला लागा." माझी नातसून सोबत आली होती. ती रोज बूट घालून पळते. ती म्हणाली, "चालून काय होणार डॉक्टर? पळाल्याशिवाय चरबी हलत नाही." डॉक्टर म्हणाला, पळून गुडघे जातात. ती म्हणाली, चालून नुसता वेळ जातो. बराच वेळ दोघांचं माझ्या डोक्यावरून चाललं होतं. 

हे भांडण मी पूर्वी ऐकलेलं आहे. तेव्हा जर्मनीची लढाई चालू होती, दुकानात धान्य रेशनवर झालं होतं आणि माझा थोरला रांगत होता. ते भांडण भागीच्या अंगावरून झालं आणि भागीच्या अंगावरच संपलं.

भागी आमची शेजारीण. आमचं गाव कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या अलीकडे, नदीला लागून. आमच्या आणि तिच्या अंगणात गुडघ्याएवढा दगडांचा गडगा होता, तेवढंच अंतर. तिचं माहेर वर घाटावर, राजमाचीच्या पलीकडे. बाप म्हशी पाळायचा. लग्न ठरलं तेव्हा ती डोंगर उतरून चालत खाली आली, म्हणून गावात बायका तिला घाटावरची म्हणायच्या.

ती अंगाने फार मोठी होती. उंचीला पुरुषाएवढी आणि रुंदीला दोन बायकांएवढी. आमच्या दारातून आत येताना अंग तिरकं करावं लागे. हात असे की जात्याचा वरचा दगड एकटी उचलून बाजूला ठेवी. आवाज मात्र बारीक, परकऱ्या पोरीसारखा. अंधारात ऐकलं तर कोणाला वाटावं, दहा वर्षांची मुलगी बोलते आहे. गावात सगळ्यांची हाडं वर आलेली, त्यात ही एकटी भरलेली. पुरुष म्हणायचे, सरकार रेशन पाठवतं ते हिच्याच घरी उतरतं. मी तिच्यासोबत जेवले आहे. ती आमच्याइतकीच खायची, नाचणीची भाकरी आणि अंबाडी. अंगाचा बांधाच तो.

भागी मारायची. ही गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे ती गरीब गाय होती असं कोणाला वाटायला नको. माणूस, जनावर, काही बघायची नाही. फक्त मारायच्या आधी त्या बारीक आवाजात एकदा विचारायची, "हात उचलू का?" एकदाच. दुसऱ्यांदा विचारत नसे.

कर्जतच्या बाजारात एका गाडीवानाने तिच्या कमरेला चिमटा काढला आणि सोबत्यांना म्हणाला, "बघा रं, रेशन कुठं भरलंय." ती वळली.

"हात उचलू का?"

"उचल की," तो हसून म्हणाला.

तिने उचलला. तो बैलाच्या पायात जाऊन पडला. तोंडातून रक्त आलं आणि एक दात धुळीत पडला. भागी खाली वाकली, दात शोधला, पदराला पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "घे. तुझा हाय." मग आम्ही मीठ घेतलं आणि घरी आलो.

दुसरं माझ्या थोरल्याचं. तो अंगणात रांगत होता आणि एक पिसाळलेलं कुत्रं गडग्यावरून आत आलं. तोंडाला फेस. मी चुलीपाशी होते. भागी गडगा ओलांडून आली, कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय धरले आणि कपडे आपटावेत तसं त्याला धोंड्यावर आपटलं. एकदा, दोनदा. कुत्र्याला तिने काही विचारलं नाही. मग राख लावून हात धुतले, परत धुतले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"पोराला घेऊ का?"

तिला मूल नव्हतं. तशा बाईच्या मांडीवर तान्हं देत नसत. माझी सासू ओट्यावर होती. ती गावची सुईण, सगळ्या गावाची पोरं तिच्या हातून बाहेर आलेली. ती म्हणाली, "घे गं. तुझ्यामुळंच जितं हाय." भागीने पोराला घेतलं आणि तिला त्याला कसं धरायचं कळेना. धोंडा धरावा तसं दोन्ही हातांनी लांब धरून उभी राहिली.

तिचा नवरा गणू हवालदार. तोफखान्यात होता. तोफेच्या आवाजाने डावा कान गेला म्हणून लढाई संपायच्या आतच त्याला घरी पाठवलं. अंगाने चिपाड, मिशा मात्र मोठ्या. येताना लोखंडी ट्रंक, खाकी चड्डी आणि पितळी बक्कलाचा चामडी पट्टा घेऊन आला. बक्कल रोज चिंचेने घासायचा. उजाडलं की चड्डी घालून पळत सुटायचा, कर्जतच्या रस्त्यापर्यंत आणि परत. सुरुवातीला लोक विचारायचे, "हवालदार, मागं कोण लागलंय रं?" तो म्हणायचा, "दौड हाय ही, दौड. तुमी चालता म्हणून तुमी असे."

तो भागीला मारायचा. तेव्हा नवरे मारायचेच. माझाही मारायचा, पण तो रागाने मारायचा आणि विसरायचा. हवालदाराला राग येत नसे. तो कवायतीसारखा मारायचा. अंगणात उभं करायचा, पट्टा सोडायचा आणि मारून झालं की पट्टा पुसून परत कमरेला लावायचा. ज्या बाईने गाडीवानाचा दात पाडला ती हात खाली सोडून उभी राहायची. मी एकदा तिच्या पाठीला तेल लावत होते, तेव्हा विचारलं, "वैनी, तू याला का सोडतेस?"

"तो बघ केवढासा हाय," ती म्हणाली. "माजा हात बसला तर उठायचा नाय. मंग मला फाशी. आणि येसू, नवरा मेला तर पोर कुठनं येनार?"

तिला पोर हवं होतं. तिचं एवढंच होतं. लुगडं नको, डागदागिना नको. म्हणून ती त्याच्या हाताखाली उभी राहायची.

दसरा झाल्यावर हवालदार तिला भिसेगावात एका वैद्याकडे घेऊन गेला. वैद्याने नाडी धरली, पोट दाबलं आणि सांगितलं की बाईच्या कुशीवर मेद चढला आहे, अंग उतरवा, गर्भ राहील. अंग कसं उतरवायचं ते हवालदाराने विचारलं नाही. त्याला ते येतच होतं. येताना मोच्याकडून पट्ट्याला वीतभर चामडं जोडून आणलं, म्हणजे तो भागीच्या कमरेला पुरेल. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं बसलेली असताना त्याने तो तिच्या कमरेला लावला. बक्कल शेवटच्या भोकात कसंबसं बसलं. मग पट्टा काढला, पार आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि दगडाने खिळा ठोकून तिथे नवं भोक पाडलं.

"चैताच्या जत्रेपर्यंत बक्कल हितं आलं पायजे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाय आलं तर खालापूरची दुसरी आणतो. बोलणं झालंय."

तेव्हा दुसरी आणायला कोणी अडवत नसे. आणि दुसरी आली की पहिलीची जागा गोठ्यात, हे आम्ही सगळ्याच जाणत होतो. भागी त्या भोकाकडे बघत राहिली. सगळ्या भोकांच्या कडा गोल होत्या, याची कड फाटकी होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला पळवायला घेतलं. नदीच्या कडेने शेताच्या बांधावरून. ती पुढे, हा मागे हातात फोक घेऊन. "दौड! दौड! पाय उचल!" भागी कासोटा घट्ट मारून पळायची. अंग सगळं हलायचं, श्वास शिट्टीसारखा वाजायचा. ती थांबली की पोटऱ्यांवर फोक बसायचा. भात कापणारी माणसं कामं सोडून बघत उभी राहायची आणि पोरं तिच्या मागून तशीच डुलत पळायची. एकदा ती बांधावरून खाली चिखलात पडली. त्याने तिला उठायला लाथ मारली, मग दुसरी मारली. कोणी मधे पडलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "हवालदार, म्हशीला असं पळवलं तर दूध आटतं रं."

"म्हैस पळत नाय म्हणूनच तिला पोट सुटतं," हवालदार म्हणाला.

माझ्या सासूला हे पटलं नाही. ती गडग्यापाशी गेली आणि त्याला उजव्या कानाच्या बाजूने हाक मारली.

"गणू, बायको काय लढाईवर पाठवायची हाय का रं?"

"काकी, अंग उतरवायचंय."

"मंग चालव तिला. पळून अंग उतरत नाय, मोडतं. रानातली ठाकर लोकं बघ, सकाळपासनं सांजेपर्यंत चालतात. एकाला तरी ढेरी दाखव."

"त्यांना खायला नाय म्हणून ढेरी नाय."

"आणि तू बायकोला काय तूप पाजतोस?"

ओट्यावरची माणसं हसली. हवालदार हसला नाही. "चालणं म्हंजे म्हाताऱ्यांचं काम. पळताना घाम येतो, घामातनं चरबी जाते. आमच्या पलटणीत असंच करत. महिन्यात माणूस शिडशिडीत."

"तुमच्या पलटणीत बाया होत्या का रं?" सासू म्हणाली.

त्या रात्री भागीला जास्त मार बसला. दुसऱ्यांदा माप घेतलं तेव्हा बक्कल होतं तिथेच होतं. तिचा गुडघा मात्र नारळाएवढा सुजला होता.

पुढे हवालदाराचाच पाय धोंड्यावर आपटून अंगठ्याचं नख निघालं. त्याला पळता येईना. तो ओट्यावर पाय वर करून बसला आणि तिच्या मागे कोण पळणार, हा प्रश्न आला. सासूने परत तोंड घातलं. "तुजा पाय बरा होईस्तवर माज्या सुनेसंगं मोळीला पाठव. बसून तरी काय करेल ती." त्याने हो म्हटलं. माझ्या मते त्याला वाटलं की गुडघ्याने ती दोन दिवसांत आडवी होईल.

ती झाली नाही. आम्ही उजाडता निघायचो. कोयता, दोरी आणि डोक्यावरची चुंबळ. आधी डोंगराच्या पायथ्याशी रानात, मोळी बांधून झाली की ती डोक्यावर घेऊन भिसेगावापर्यंत, तिथे रेल्वेतली आणि शाळेतली माणसं राहायची, ती लाकूड घ्यायची. मग परत. पहिल्या दिवशी भागी लंगडत होती. आठवडाभरात ती माझ्या पुढे चालायला लागली. तिचं चालणं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. एक हात मोळीला, एक हात कमरेवर, पावलं ना छोटी ना मोठी. चढ असो, उतार असो, तिचा वेग बदलत नसे. मी चढाला थांबायचे, उताराला धावायचे, आणि ती आपली एकसारखी. मी म्हणाले, "वैनी, तू दमत कशी नाय गं?"

"पळताना मी त्याचा श्वास घेते," ती म्हणाली. "हितं माजा घेते."

अंग उतरायला लागलं. ते आधी तिच्या गळ्यावर दिसलं, मग दंडावर. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. अमावास्येला माप घेतलं तर बक्कल दोन भोकं आत आलं. हवालदार म्हणाला, हे आधी केलेल्या दौडीमुळे, चरबी उशिरा सुटते.  भागीला भोकाशी काम होतं, श्रेय कोणाचं याच्याशी नव्हतं. पुढच्या मापाला अजून आत आलं. खिळ्याच्या भोकापर्यंत आता थोडंच उरलं होतं आणि ती पट्ट्याकडे बघून हसली. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

त्याच सुमारास खालापूरकडून त्या दुसऱ्या मुलीचा बाप घर बघायला आला. भागीनेच त्याला जेवायला वाढलं. तो जेवता जेवता तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होता, बाजारात बैल बघावा तसा. शेवटी हवालदाराला म्हणाला, "ही ऱ्हानार का जानार?"

भागी भाताचं भांडं घेऊन उभी होती. बारीक आवाजात म्हणाली, "दादा, तुमच्या पोरीला पळता येतं का?"

"का गं?"

"हितं पळावं लागतं. पोटऱ्या दाखवू का माज्या?"

आणि तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. फोकाचे वळ अजून काळे होते. त्या माणसाचा घास हातात राहिला. तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि जत्रेनंतर कळवतो म्हणून निघून गेला. तो वळणाआड जाईपर्यंत हवालदार हात जोडून उभा होता. मग त्याने पट्टा सोडला. भागी तोपर्यंत अंगणात बसून तांदूळ निवडायला लागली होती. पट्टा पाठीवर बसत होता आणि ती सुपातले खडे काढत होती. एक खडा काढायची, बाजूला टाकायची. मी गडग्याच्या अलीकडून बघत होते. तिच्या हातून एक दाणा सांडला नाही.

त्यानंतरच्या मापाला बक्कल मागे आलं.

कोणाला समजेना. ती रोज चालत होती, चेहरा ओढलेला होता, दंड बारीक होते आणि कंबर मात्र वाढली होती. हवालदाराने पट्टा ओढला, गुडघा लावून ओढला, बक्कल पुढे जाईना. तो म्हणाला, ही वाटेत खाते, भिसेगावातल्या बाया हिला उरलंसुरलं देतात. मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "तू गप गं. बघा, चालायला पाठवली आणि काय झालं. चरबी परत आली." तिची मोळी बंद झाली. त्याचा अंगठा बरा झाला होता. जत्रेला थोडेच दिवस उरले होते.

मी इथे एक गोष्ट सांगते, कारण पुढे सगळ्या बायका म्हणायला लागल्या की आम्हाला वाटलंच होतं. कोणाला वाटलं नव्हतं. भागीची पाळी कधीच वेळेवर नसायची, चार चार महिने यायची नाही. उलट्या झाल्या नाहीत. एवढ्या वर्षांत काही झालं नव्हतं, म्हणून कोणी तिकडे बघितलंच नाही. सासूने तिचं पोट पाहिलं नव्हतं, कारण सुईणीला बोलावतात तेव्हाच ती पोटाला हात लावते. सगळं गाव पट्ट्याकडे बघत होतं. भागीसुद्धा.

परत पळणं सुरू झालं. या वेळी तो उपाशीपोटी पळवायचा, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. ती पोटाला हात धरून पळायची आणि तो हातावर फोक मारायचा, हात सोडून पळ म्हणून. बघणाऱ्यांनी नंतर सांगितलं, एका सकाळी ती बांधावर बसली. "दुखतंय," म्हणाली, "जरा थांबा." त्याने फोक टाकला आणि पट्टा काढला. म्हणाला, "बसून उतरत नाय." पट्टा नेहमीसारखा दुमडला नव्हता. बक्कलाची बाजू खाली होती. त्याने पाठीवर मारलं, मग ती वळली तेव्हा कमरेवर आणि पोटावर. मी नदीवर धुणं धूत होते. किंकाळी ऐकू आली ती तिच्या त्या बारीक आवाजातली, आणि मला वाटलं एखादं लहान मूल नदीत पडलं.

मी आणि अजून दोन बायकांनी तिला उचलून अंगणात आणलं. लुगडं रक्ताने जड झालं होतं, सगळ्या वाटेवर गळत आलं. सासू धावली. तिने एकदा हात लावला आणि मला म्हणाली, "पाणी तापव, आणि हवालदाराला भाईर उभा कर. जाऊ देऊ नको." त्या दिवशी मी पाणी तापवलं, आणलं, फेकलं, परत तापवलं.

दुपारी सासू बाहेर आली. हातात जुन्या लुगड्याचा तुकडा होता, त्यात ते होतं. वितीपेक्षा लहान, पण सगळं झालेलं. बोटं होती. मुलगा होता, कळत होतं. हवालदार अंगणात तुळशीपाशी उभा होता. सासू त्याच्यासमोर गेली.

"चरबी नव्हं ही. पोर होतं."

ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तो म्हणाला, "काय?"

सासू चालत त्याच्या उजव्या बाजूला गेली, फडका त्याच्या तोंडासमोर धरला आणि तेच परत म्हणाली. "चरबी नव्हं ही, गणू. तुजं पोर होतं."

त्याने फडक्याकडे पाहिलं. मग बक्कल पाहिलं, त्यावर वाळलेलं रक्त होतं. तो आत गेला, चिंच आणली आणि बक्कल घासायला बसला. मला तेव्हा वाटलं याला वेड लागलं. सासू म्हणाली, नाही, याला दुसरं काही येतच नाही.

पळण्याने गर्भ गेला की पट्ट्याने, हे मला कोणी विचारलं तर मी सासूचं सांगते. ती पट्ट्याने म्हणायची. पण राहिला तो चालण्याने, हे तिला ठाऊक होतं, आणि भागीलाही.

भागी जत्रेपर्यंत पडून होती.  सासू तिला पेज पाजायची. मी थोरल्याला तिच्याजवळ नेलं नाही. ती उठून बसायला लागली तेव्हा तिचं अंग असं उतरलं होतं की ती आमच्या दारातून सरळ आत येऊ शकली असती.

जत्रेच्या सकाळी ढोल वाजत होते. हवालदार नवी टोपी घालून अंगणात आला आणि म्हणाला, "भागी, भाईर ये. आज माप हाय."

सासू ओट्यावर होती, मी गडग्यापाशी. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भागी बाहेर आली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, पट्टा तिच्या कमरेभोवती घेतला आणि ओढला. बक्कल खिळ्याच्या भोकात गेलं. ओढावं लागलं नाही.

"बसलं!" तो ओरडला. तसाच बसलेला, मान उजवीकडे आमच्याकडे वळवून. "काकी, बघ, बसलं! उतरली का नाय दौडीनंच?"

भागीने खाली पाहिलं. त्याचा डावा कान तिच्याकडे होता.

"हात उचलू का?" ती म्हणाली.

आम्ही ऐकलं. त्याने ऐकलं नाही. ती दुसऱ्या बाजूला गेली नाही आणि परत विचारलंही नाही.

ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तो आडवा झाला, टोपी तुळशीपर्यंत गेली. जबडा एका बाजूला सरकला होता आणि तोंडातून रक्त आणि लाळ येत होती. भागी वाकली, त्याच्या नाकासमोर तळहात धरला आणि वाट बघितली. मग उभी राहून सासूला म्हणाली, "जिता हाय." आत जाऊन कोयता आणला, तो पाठीमागे पट्ट्यात खोचला, आणि अंगणातून बाहेर पडून कोंडाण्याच्या वाटेला लागली.

पट्टा तिच्या कमरेलाच होता.

थोड्या वेळाने हवालदार उठला. रक्त थुंकला. गोठ्यातलं दांडकं घेतलं आणि तिच्या मागे पळत सुटला. सासू मला म्हणाली, "जा गं मागनं. कोन मेलं ते सांगायला कोनतरी पायजे."

म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सपाट शेतं संपायच्या आतच त्याने तिला गाठलं. ओढ्यापाशी तो तिच्या पाठीशी होता. त्याने दांडकं तिच्या खांद्यावर घातलं, परत घातलं. ती थांबली नाही, वळली नाही, तिने कोयत्याला हात लावला नाही. ओढ्यातून पलीकडे गेली आणि चढ लागला.

चढाला तो पळत होता. थोडं पळायचा, थांबायचा, गुडघ्यांवर हात ठेवायचा, परत पळायचा. प्रत्येक वेळी थोडा जवळ जायचा आणि प्रत्येक वेळी जास्त मागे पडायचा. ती मोळीला जायची तशी चालत होती, सपाटीवर जशी तशीच. लेण्यांच्या खालच्या धोंड्यांपाशी तो ओकला. मोडलेल्या जबड्याने ओरडला, "हॉल्ट! हॉल्ट!" मग दांडकं टाकून खाली बसला आणि तोंड दोन्ही हातांत धरलं. मी त्याच्याजवळून पुढे गेले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. खालापूरची आली नाही. तिच्या बापाला पोटऱ्या आठवत होत्या. हवालदाराचा जबडा वाकडाच राहिला, तो पेज पिऊन जगला आणि पळायचा बंद झाला. भागी परत आली नाही, आणि वरून तिचा निरोपही कधी आला नाही.

पण त्या दिवशी मी झाडं संपतात तिथपर्यंत गेले होते. वर उघडा डोंगर होता आणि त्यावर तिचं हिरवं लुगडं दिसत होतं. एक हात डोक्याकडे वर गेलेला, मोळी धरल्यासारखा, डोक्यावर काही नसताना. मी हाक मारली नाही. ती अगदी वरच्या वळणाला पोचली तेव्हा पहिल्यांदा थांबली. वर गेलेला हात खाली आला, कमरेशी गेला आणि थोडा वेळ तिथे राहिला. उन्हात बक्कल चमकलं. तिने ते खिळ्याच्या भोकातून काढलं, पट्टा सैल केला, मोठा श्वास घेतला आणि परत चालायला लागली.